तिसऱ्यांदा विचारल्यावर

शेवट चांगला झाला, हे आधीच सांगून टाकते. कुणी मेलं नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही, आणि अल्माचं रान जिथल्या तिथे आहे. उगाच तुमच्या जिवाला घोर नको.

झालं असं, की ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ऑर्व्हिल हॉगडाल यांनी शेजाऱ्यांची बोटीची शेड जाळली. मुद्दाम नाही हो! वय वर्षं एक्क्याऐंशी, चर्चमध्ये कायम मागच्या बाकावर बसणारा माणूस, तो कुणाचं मुद्दाम काय जाळणार? दर वर्षी या दिवसांत ते तळ्यात जाळं टाकून मासे धरतात आणि धुरावर लावतात. त्यासाठी एक जुना फ्रिज आहे. त्याची यंत्रं काढून टाकलेली, वर भोक पाडलेलं. खाली मेपलची लाकडं पेटवायची, जाळीवर मासे ठेवायचे आणि दार लावून घ्यायचं. आमच्या तळ्याकाठी निम्म्या घरांमागे असा फ्रिज उभा असतो. त्या दिवशी दाराची कडी नीट बसली नव्हती, आणि दुपारी वारा फिरला. वीस मिनिटांत व्हिटकॉम्बांची शेड, आतल्या लाकडी बोटीसकट, खलास.

व्हिटकॉम्ब मंडळी शहरातली, उन्हाळ्यापुरती येणारी. आगीचा बंब अजून अंगणात होता तेव्हाच ऑर्व्हिलनी त्यांना फोन लावला. आधी तब्येत विचारली, मग मुलींचं विचारलं, मग यंदा थंडी लवकर पडेल का यावर बोलले, आणि दहा मिनिटांनी म्हणाले, "बरं, तुमच्या शेडविषयी जरा सांगायचं होतं." बाजूला ऑर्व्हिलची सून रेने रिकामी बादली घेऊन, काजळीने माखलेली उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला.

रेने शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचा नवरा डॅरिल मोठ्या सरोवरांवर खनिज वाहणाऱ्या जहाजावर असतो. मार्चमध्ये जातो तो जानेवारीत पाणी गोठल्यावरच परततो. म्हणजे वर्षातले दहा महिने घरात माणसं दोनच, रेने आणि तिचे सासरे. आता ‘घरात’ म्हणायचं की नाही, यावरूनच पुढे सगळं रामायण झालं.

सहा वर्षांपूर्वी ऑर्व्हिलची बायको अल्मा गेली. त्यांनी शेतावरचं घर विकलं, फक्त उत्तरेकडचं चाळीस एकर रान ठेवलं, कारण तिथल्या भूर्ज झाडाखाली अल्माची राख आहे. मग पिकअपच्या मागे कॅम्पर, म्हणजे ते चाकांवरचं खोलीएवढं घर, जोडून ते रेनेच्या अंगणात आले आणि स्प्रूसच्या झाडाखाली उभं करून म्हणाले, "वसंतापर्यंत थांबतो." तेव्हा नोव्हेंबर होता. त्यानंतर सहा वसंत आले आणि गेले. कॅम्परची चाकं गवतात रुतली, एका चाकात पक्ष्याने दोनदा पिल्लं काढली. तरी दर मार्चमध्ये हे गृहस्थ तालुक्याला जाऊन कॅम्परच्या नंबरप्लेटवर लावायचा नव्या वर्षाच्या परवान्याचा बिल्ला आणतात. का, तर "कधी निघावं लागेल सांगता येत नाही." थंडी कडक झाली की उशी काखेत मारून तळघरातल्या खोलीत झोपायला येतात, तेही "थंडीपुरतं". आणि सकाळी कॉफीला, संध्याकाळी जेवायला, मागच्या दारावर टकटक करून उभे राहतात. सहा वर्षं! कुत्रंसुद्धा आता त्या टकटकीला कान हलवत नाही.

आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत नसेल तर हे सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे कॉफी विचारली की पहिल्यांदा "नको" म्हणायचं असतं. ते नुसतं शिष्टाचाराचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी "नको, नको, उगाच त्रास." त्याचा अर्थ, खरंच विचारताय ना, जरा बघतो. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खुर्ची ओढतो आणि म्हणतो, "बरं, अर्धा कप." मग तीन कप पितो. तसंच वड्यांच्या ताटाचं. शेवटची वडी कुणी उचलत नाही. तिचे दोन भाग करायचे, मग त्या भागाचे दोन, अशी ती संध्याकाळपर्यंत नखाएवढी होऊन ताटात पडून राहते. अख्खी शेवटची वडी घरचाच माणूस खातो, आणि तोही लपून.

तर व्हिटकॉम्बांच्या विमा कंपनीने त्यांना शेडचे पैसे भरून दिले, आणि मग ते पैसे वसूल करायला ऑर्व्हिलना पत्र पाठवलं. तुमच्या निष्काळजीपणाने आग लागली, तुम्ही भरा. ऑर्व्हिलनी ते जेवणाच्या टेबलावर वाचलं, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"रान विकलं की भागेल," ते म्हणाले.

"कुठलं रान?" रेने ओरडलीच. "आईंचं रान? बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, झाडं काय, तोडणाऱ्याला हवीच असतात. मी कुणाला जड होणार नाही."

"जड, जड! आमच्या घराचा विमा आहे ना? मी उद्याच लाइलकडे जाते."

लाइल बेकस्ट्रॉम हा आमच्या गावचा विम्याचा एजंट. पुढच्या खोलीत विमा, मागच्या खोलीत माशांच्या गळाला लावायची गांडुळं आणि छोटे मासे. दोन्ही धंदे तो एकाच हाताने करतो, म्हणून त्याच्याकडची कागदपत्रं जरा जपूनच हुंगावीत. त्याने रेनेची पॉलिसी काढली आणि चष्मा वर केला.

"यावर नाव तुझं आणि डॅरिलचं," तो म्हणाला. "ऑर्व्हिलचं नाही."

"मग?" रेनेने विचारलं.

"मग काही नाही. नाव असलेलेच तेवढे विमाधारक, असं नसतं. हे बघ, काय लिहिलंय. विमाधारक म्हणजे तुम्ही, आणि तुमच्या घरात राहणारे तुमचे नातेवाईक. त्यांनी सही केलेली नसू दे, हप्ता भरलेला नसू दे, पॉलिसी आहे हे त्यांना ठाऊकसुद्धा नसू दे. नातेवाईक आहे आणि घरात राहतो, एवढं पुरे. त्यांच्या हातून कुणाचं नुकसान झालं, तर कंपनी त्यांच्या मागे उभी राहणार."

"म्हणजे बाबा सहा वर्षं विमाधारक आहेत? त्यांना न विचारता?"

"न विचारता. विचारलं असतं तर नको म्हणाले असते."

दोघंही हसले. रेने हलकी होऊन घरी आली आणि त्या आनंदात तिने खजुराच्या वड्या केल्या.

पण कंपनी म्हटली की तिला आपली खात्री करून घ्यायची असते. रेनेच्या विमा कंपनीच्या मुख्य ऑफिसातून, कुठल्याशा बर्फ न पडणाऱ्या गावातून, ब्रेडन नावाच्या पोराने ऑर्व्हिलना फोन केला. बोलणं रेकॉर्ड होतंय हे आधी सांगितलं, आवाज गोड, वागणं सभ्य. रेने तेव्हा शाळेत दोनशे पोरांचे बटाटे सोलत होती. दोन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं, त्याला ते सगळं बोलणं टाइप करून जोडलेलं. रेनेने ते लाइलच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं.

तुम्ही या घरात राहता का? "छे छे. मी आपला तात्पुरता."

किती दिवस राहायचा विचार आहे? "वसंतापर्यंत."

मग राहता कुठे? "माझ्या कॅम्परमध्ये. त्यांनी गाडी लावू दिली, त्यांचे उपकार."

जेवण त्यांच्याबरोबर करता का? "बोलावलं तर."

"बोलावलं तर!" रेनेचा आवाज चिरकला. "अरे लाइल, सहा वर्षं रोज माझ्या टेबलावर जेवतात! रोज! आणि हे म्हणे बोलावलं तर!"

"पोरगं बाहेरचं," लाइल म्हणाला. "प्रत्येक गोष्ट त्याने एकदाच विचारली."

एकदाच विचारल्यावर ऑर्व्हिल हॉगडालसारखा माणूस दुसरं काय सांगणार? पण पत्रात मात्र स्वच्छ लिहिलं होतं, की श्री. हॉगडाल यांच्याच म्हणण्यानुसार ते या कुटुंबात राहत नाहीत, पाहुणे आहेत, सबब ते पॉलिसीच्या अर्थाने विमाधारक नाहीत. पाहुण्याच्या हातून झालेल्या आगीची जबाबदारी कंपनी घेत नाही.

घरी आल्यावर कळलं, की ऑर्व्हिलनी रान दाखवायला लाकूडवाल्याला शुक्रवारी बोलावलंसुद्धा होतं. रेनेने तो फोन स्वतः करून रद्द केला. त्या संध्याकाळी ती सासऱ्यांशी एक अक्षर बोलली नाही, आणि ते बिचारे दोनदा टकटक करून, दोनदा बूट पुसून आत आले.

खरं सांगायचं तर तिला राग रानाचा नव्हता, कंपनीचाही नव्हता. तिला लागलं होतं ते ‘तात्पुरता’. आपण या माणसाच्या गोळ्या मोजतो, त्याचे मोजे रफू करतो, बर्फात उशीर झाला की खिडकीशी येरझारा घालतो, आणि हा आपल्याला घर भाड्याने देणारी बाई समजतो की काय? आणि त्याच्याही खाली एक भीती होती. ते खरंच बोलत असतील तर? सहा वर्षांत त्यांच्या मनाने आपलं घर घर मानलंच नसेल तर?

लाइलने कंपनीला कळवलं, की घाई केलीत, नीट विचारा. कंपनीने मानलं, पण आता शपथेवर जबाब होणार होता, वकिलासमोर, टंकलेखकासमोर.

"काय बघतात?" रेनेने विचारलं.

"तीन गोष्टी. एका छपराखाली राहतात का. एकमेकांशी घरच्यासारखे वागतात का, मोकळेपणाने. आणि कायम राहायचा मनात विचार आहे का, की नुसतं थांबलेत. पहिल्या दोन मी सिद्ध करून देईन. तिसरी त्यांच्या मनातली आहे. ती त्यांनाच सांगावी लागेल."

"मग मी त्यांना समजावते, काय सांगायचं ते."

लाइलने चष्मा काढला. "रेने, त्यांना एक शब्द शिकवायचा नाही. शपथ आहे. आणि तू शिकवलंस तरी तो माणूस शपथेवर खोटं बोलणार नाही. रान जाऊ देईल, पण बोलणार नाही."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. रेनेने दोन आठवडे जीभ दाताखाली धरली. रोज रात्री डॅरिलचा जहाजावरून फोन यायचा. "बाबा काय म्हणतात?" "बाबा म्हणतात, वाईट नाही." आमच्याकडे ‘वाईट नाही’ म्हणजे काहीही असू शकतं, पोरगी डॉक्टर झाली इथपासून पाय मोडला इथपर्यंत.

डिसेंबरच्या मध्यावर, उणे वीसच्या थंडीत, रेने त्यांना तालुक्याच्या वाचनालयात घेऊन गेली. तिथल्या बैठकीच्या खोलीत जबाब होता. ऑर्व्हिलनी अंत्ययात्रेचा कोट घातला होता, आणि कान झाकणारी टोपी मांडीवर धरली होती.

"मी आत येऊ का बाबा?" रेनेने दारात विचारलं.

"नको, तुला कशाला त्रास."

"नको नंतर म्हणा," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

कंपनीची वकील होती आर्डिस क्वाले, साठी उलटलेली, पांढरे केस आखूड कापलेले, पायात बर्फाचे बूट. तिने हे दारातलं बोलणं ऐकलं होतं. ऑर्व्हिलनी उजवा हात वर केला आणि शपथ घेतली.

"मिस्टर हॉगडाल, तुम्ही राहता कुठे?"

"कॅम्परमध्ये, बाई. सुनेच्या अंगणात."

"ते तुमचं घर आहे का?"

"छे छे. मी आपला तात्पुरता."

टंकलेखकाची बोटं चालली. रेनेने डोळे मिटून घेतले. गेलं रान, तिला वाटलं. गेलं अल्माचं झाड.

आर्डिस क्वालेने पान उलटलं. "आज सकाळी उठलात कुठे?"

"तळघरातल्या खोलीत. थंडी आहे ना."

"त्या खोलीत एरवी कोण झोपतं?"

"कोण झोपणार? माझा पलंग आहे तिथे."

"तुमची औषधं कुठे असतात?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीत. ही ठेवते तिथे, मी विसरतो म्हणून."

"काल रात्री काय जेवलात?"

"बटाटे घालून भट्टीत भाजलेला खिमा. जरा खारट झाला होता."

"सुनेने केलं होतं?"

"नाही, मी. मंगळवारी मी करतो. हिला शाळेत उशीर होतो."

"आणि तुम्हाला यायला उशीर झाला तर?"

"फोन येतो हिचा. ओरडते."

"काय ओरडते?"

ऑर्व्हिलनी जरा विचार केला. शपथ होती. "म्हणते, म्हाताऱ्या, मेलास की काय कुठे तळ्यात?"

टंकलेखक खोकला. रेनेच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. घरच्यासारखं मोकळेपणाने वागणं, त्याचा पुरावा आता कायमचा टाइप झाला होता.

"मग ते घर तुमचं झालं ना, मिस्टर हॉगडाल?"

"घर त्यांचं आहे, बाई," ऑर्व्हिल म्हणाले. "मी कुणाला जड होणार नाही."

दोनदा झालं. रेने टेबलाकडे बघत होती. वकीलबाईने पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकली.

"पत्नीच्या वस्तूंपैकी तुम्ही काय ठेवलंत?"

"लेफ्सेचा तवा." लेफ्से म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, नाताळात त्याशिवाय पान हलत नाही. "तिच्या आईचा होता तो."

"कुठे आहे तवा?"

"रेनेच्या ओट्याखाली."

"कॅम्परमध्ये का नाही ठेवलात?"

"कॅम्परमध्ये?" ऑर्व्हिलना तो प्रश्नच कळेना. "कॅम्पर काय, आज आहे, उद्या ओढून नेला. तवा कायमच्या जागी नको का ठेवायला?"

बाहेर वाचनालयाचं दार उघडलं, लागलं. आर्डिस क्वाले पुढे झुकली.

"मिस्टर हॉगडाल, माझं माहेर वरच्या अंगाला, सीमेजवळ. माझे वडील जेवायला बसताना असेच नको नको करायचे. तुम्हाला फोनवर एकदा विचारलं, ते मी वाचलं. आज मी दोनदा विचारलं. आता तिसऱ्यांदा विचारते, आणि उत्तर ऐकायला मला काही घाई नाही. ते तुमचं घर आहे का?"

ऑर्व्हिल टोपीच्या कानपट्ट्या दुमडत राहिले, उलगडत राहिले.

"अल्मा गेली तेव्हा," ते शेवटी म्हणाले, "मला संध्याकाळी कुठे जायचं तेच कळत नसे. डॅरिल म्हणाला, ये आमच्याकडे. हीसुद्धा म्हणाली, या. भली पोरं आहेत. पण म्हातारा माणूस किती वर्षं टिकेल कुणी सांगावं? मी वसंतापर्यंत म्हटलं की ते मोकळे. नकोसा झालो तर त्यांना तोंडाने सांगावं लागायला नको, मीच चाकं फिरवून निघेन." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "एक घर सोडलंय मी, बाई. ज्याला घर म्हणेन ते पुन्हा सोडणं मला झेपणार नाही. म्हणून नाव घेत नव्हतो."

"आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"हो," ऑर्व्हिल म्हणाले. "तेच माझं घर. दुसरं कुठलं असणार?"

"निघायचा विचार आहे?"

"नाही. एकदाही केला नाही. तो बिल्ला आणतो, तेवढंच."

टंकलेखकाने तेही लिहून घेतलं.

रेनेला रडू आवरेना, आणि आमच्याकडे चारचौघांत रडायची सोय नाही, म्हणून ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. तिला एकदम आठवलं. सहा वर्षांत तिने या माणसाला कॉफीला हजारदा विचारलं होतं, प्रत्येक वेळी तीनदा. राहायला या, हे मात्र एकदाच म्हटलं होतं. ते वसंतापर्यंत म्हणाले आणि तिने ते उत्तर धरून ठेवलं. स्वतः इथे जन्मलेली, वाढलेली बाई, आणि त्या उन्हातल्या गावच्या पोरासारखीच चुकली होती. फक्त तो दोन आठवडे, आणि ती सहा वर्षं.

निघताना आर्डिस क्वाले म्हणाली, "निर्णय कंपनी लेखी कळवेल. मला आज काही सांगता येत नाही." मग बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "रस्ता घसरडा आहे, हळू जा घरी. दोघंही."

गाडीत हीटर गरम व्हायला दहा मिनिटं लागली.

"बाबा," रेने म्हणाली, "मी तुम्हाला नीट विचारलंच नव्हतं."

"काय गं?"

"राहाल ना? राहाल ना? राहाल ना?"

"समोर बघ," ऑर्व्हिल म्हणाले. "हरीण आहे."

खरंच होतं. तिने ब्रेक लावला, हरणाने दोघांकडे बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडला. त्यामागून आणखी दोन आली. ती जाईपर्यंत रेने हसत होती आणि हातमोज्याने डोळे पुसत होती, आणि ऑर्व्हिल खिडकीबाहेर बघत शेवटी म्हणाले, "राहीन म्हणतो."

पत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. डॅरिलचं जहाज किनाऱ्याला लागलं होतं, तो दुसऱ्या दिवशी घरी पोचणार होता. रेनेने पाकीट ओट्यावर ठेवलं, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग सुरीने फाडलं. पहिलं वाक्य तिने डोळ्यांनी वाचलं, दुसरं मोठ्याने.

"श्री. ऑर्व्हिल हॉगडाल हे या पॉलिसीच्या अर्थाने विमाधारक आहेत, व आगीच्या दिवशीही होते." पुढे लिहिलं होतं, की व्हिटकॉम्बांच्या कंपनीशी आता आम्ही बोलू, श्री. हॉगडाल यांनी काही करायचं नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. ती खरोखरच खाली बसली, बटाट्याच्या पोत्यावर. रान राहिलं. झाड राहिलं. एखाद्या कंपनीच्या कागदावर एवढं चांगलं वाक्य असू शकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तुमचा म्हातारा तुमचा आहे, आणि आग लागली तेव्हाही तुमचाच होता.

ऑर्व्हिलनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग मागची कोरी बाजूही बघून घेतली.

"वाईट नाही," ते म्हणाले, आणि बर्फ काढायचं फावडं घेऊन बाहेर गेले.

रेने डॅरिलला फोन लावायला आतल्या खोलीत गेली. तो इतक्या जोराने ओरडला की तिने फोन कानापासून लांब धरला. मग तिने लाइलला कळवलं. मग उगाचच शाळेतल्या मैत्रिणीला कळवलं. अर्ध्या तासाने ती स्वयंपाकघरात परतली तर सासरे टेबलाशी बसलेले. टकटक ऐकू आली नव्हती. कुत्रं त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पसरलं होतं.

ओट्यावर खजुराच्या वड्यांचं ताट होतं. म्हणजे ताट होतं, वडी नव्हती. चर्चमधल्या बायकांच्या तावडीतून तिने एक, शेवटची, चांगली तळहाताएवढी वडी वाचवली होती, फॉइलखाली झाकून. फॉइल नीट घडी घालून बाजूला ठेवलेलं.

"बाबा, ती वडी?"

"खाल्ली."

"अर्धी?"

"अख्खी," ऑर्व्हिल म्हणाले, आणि मिशीवरचा चुरा पुसला.

"अहो, ती मी डॅरिलसाठी ठेवली होती! सकाळपासून लपवून! दहा महिन्यांनी घरी येतोय तो, आणि तुम्ही... एक तुकडासुद्धा ठेवला नाहीत?"

"नाही ठेवला," ते म्हणाले. "छान झाली होती."

रेने त्यांच्यावर आणखी पाच मिनिटं ओरडली, डॅरिलवर ओरडते तशी, भांडी आपटून, मनापासून. ते ऐकत होते आणि स्वतःच उठून त्यांनी दुसरा कप कॉफी ओतून घेतली. मग तिने फडताळातून खजुराचं नवं पाकीट काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं, बिया काढायला.